हिवाळ्यासाठी मिरचीचे लोणचे : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : दरवर्षी दिवाळीनंतर मी शेतातल्या हिरव्या मिरचीचे लोणचे घालते. गेल्या हिवाळ्यात संक्रांत येईपर्यंतच बरणीत वर पांढरा थर धरला, मिरच्या लिबलिबीत झाल्या आणि वासही बिघडला. तेल भरपूर घातले होते, बरणीला चार दिवस ऊनही दाखवले होते. मग बिघडले कशामुळे? (एक वाचक भगिनी, ता. उमरेड, जि. नागपूर)

उत्तर : आपल्या पत्रात तेलाचा आणि उन्हाचा उल्लेख आहे, परंतु आंबटाचा कुठेही नाही, आणि बिघाडाचे मूळ बहुधा तिथेच आहे. तेल फक्त वरून येणारी हवा अडवते. लोणचे टिकते ते मीठ आणि आंबटपणा यांच्या बळावर. कैरी अंगचीच आंबट असते, म्हणून उन्हाळ्यात घातलेले कैरीचे लोणचे आपल्या बारीकसारीक चुका पोटात घालते. मिरचीत तसा आंबटपणा नसतो, तो आपल्याला बाहेरून द्यावा लागतो. शिवाय विदर्भातले मे महिन्याचे ऊन आणि मार्गशीर्षातले ऊन यांत फार अंतर आहे. हिवाळ्यात बरणी उन्हात ठेवली तरी आतला ओलावा फारसा हटत नाही, त्यामुळे या लोणच्यासाठी उन्हावर विसंबून राहू नये.

एक किलो ताज्या, टणक मिरचीला 175 ग्रॅम मीठ, 300 मिलिलिटर लिंबाचा रस, 100 ग्रॅम मोहरीची डाळ, दोन चमचे हळद, एक चमचा भाजलेल्या मेथीची पूड, थोडा हिंग आणि साधारण 300 मिलिलिटर तेल असे प्रमाण धरावे. मीठ वाटीने न मोजता तोलून घ्यावे, कारण एक वाटी खडेमीठ आणि एक वाटी बारीक मीठ यांच्या वजनात बराच फरक पडतो. आयोडीनयुक्त मीठ चालते. लिंबाच्या रसात कपात करू नये. हिवाळ्यात कागदी लिंबे महाग झाली तरी इतर कुठेही काटकसर करावी, इथे नाही.

मिरच्या देठासकट धुवाव्यात आणि देठ नंतर काढावेत. आधी देठ काढले तर त्या जागेच्या छिद्रातून पाणी मिरचीच्या पोकळीत शिरते आणि वरून कितीही पुसले तरी ते आतच राहते. धुतलेल्या मिरच्या सुती कापडावर पसरून रात्रभर घरातच, शक्य असेल तर पंख्याखाली, सुकवाव्यात. त्यानंतर देठ काढून प्रत्येक मिरचीला उभी चीर द्यावी किंवा तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करावेत. अख्खी मिरची दिसायला सुंदर दिसते, पण मीठ आणि लिंबू तिच्या सालीतून आत पोहोचायला फार वेळ घेतात, आणि तेवढ्यात ती बियांकडून कुजू लागते. आपल्या मिरच्या लिबलिबीत झाल्या त्यामागे हेही कारण असू शकते. लोणचे भरल्यावर पहिले आठ दिवस रोज कोरड्या चमच्याने तळापासून हलवावे, आणि मग वर किमान अर्धा सेंटिमीटर तेल राहील असे पाहावे. मिरची त्या तेलाच्या वर डोकावता कामा नये.

राहिला पांढऱ्या थराचा प्रश्न. हिरवी, काळी किंवा गुलाबी बुरशी दिसली, अथवा आपल्या बरणीसारखी पांढऱ्या थराखाली मिरची बुळबुळीत होऊन वास बदलला, तर वरचा थर काढून खालचे वापरण्याचा मोह टाळावा. पूर्ण बरणी टाकून द्यावी. घरच्या मिरचीचे आणि केलेल्या कष्टांचे वाईट वाटते, हे आम्हाला ठाऊक आहे, तरीही टाकावीच.

प्रश्न : लोणच्याला विटाळ चालत नाही, पाळीच्या दिवसांत हात लागला म्हणून ते नासले, असे घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात. यात तथ्य आहे का? (एक वाचक भगिनी, ता. पवनी, जि. भंडारा)

उत्तर : अजिबात नाही. लोणचे नासते ते ओल्या हाताने, ओल्या चमच्याने, कमी मिठाने किंवा कमी आंबटाने. मग तो हात बाईचा असो की पुरुषाचा, आणि महिन्याचा कोणताही दिवस असो. हात स्वच्छ धुऊन पूर्ण कोरडे केले की पुरे. ज्या घरात बिघडलेल्या बरणीचा दोष सुनेच्या माथी मारला जातो, त्या घरात मिठाचे प्रमाण तपासायचे राहून जाते आणि पुढल्या वर्षी लोणचे पुन्हा बिघडते. आपण हे उत्तर घरी अवश्य वाचून दाखवावे.

प्रश्न : माझ्या लोणच्यात मोहरीचा झणका उतरत नाही, उलट कडवटपणा येतो. तेल कडकडीत तापवून वरून ओतते. तेल कोणते घ्यावे? (एक वाचक भगिनी, ता. आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : मोहरीचा झणका कोरड्या दाण्यात तयार नसतो. ती भरडली जाऊन तिला ओल लागली की तिच्यातील एक विकर (एन्झाइम) कामाला लागते आणि मग तो नाकाला झोंबणारा उग्रपणा निर्माण होतो. उकळते तेल ओतले की हे विकर मरते, झणका उमटत नाही आणि मागे उरतो तो कडवटपणा. म्हणून तेल धूर येईपर्यंत तापवावे, त्यात हिंग घालावा आणि ते पूर्ण गार झाल्यावरच लोणच्यावर ओतावे. मिरचीला निम्मे मीठ चोळून तासभर ठेवले की जे पाणी सुटते, त्यातच मोहरीची डाळ फेसावी. वेगळे पाणी घालू नये. ती नाकात चढू लागली की लिंबाचा रस मिसळावा, कारण आंबटाने तो झणका बरेच दिवस टिकतो. तेल शेंगदाण्याचे घ्यावे. जवसाचे तेल आपल्याकडे चटणीवर आवडीने घेतात, पण ते लवकर खवट होते, त्यामुळे महिनोन्‌महिने ठेवायच्या बरणीसाठी ते योग्य नाही.

प्रश्न : भिवापुरी मिरचीची ओली लाल फळे लोणच्याला चालतील का? (एक वाचक, ता. भिवापूर, जि. नागपूर)

उत्तर : चालतील. भौगोलिक मानांकन मिळालेली ही मिरची मुख्यतः वाळवून तिखटासाठी वापरली जाते, पण ओल्या लाल फळांचे लोणचेही रंगाने देखणे होते. पिकलेल्या फळात साखर अधिक असल्याने ते लवकर आंबते. म्हणून फळे दोन दिवस सावलीत सुरकुतू द्यावीत आणि मग वरील प्रमाणानेच लोणचे घालावे.

प्रश्न : हिरव्या मिरचीचा आणि लसणाचा ठेचा तेलात बुडवून बरणीत ठेवला, तर तो हिवाळाभर टिकेल का? आमच्याकडे शेतावर भाकरीबरोबर रोज लागतो. (एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : कृपया असे करू नये. लसूण जमिनीत वाढतो आणि त्याच्यासोबत मातीतील क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवाणूचे बीजाणू येऊ शकतात. हा जीवाणू हवा नसलेल्या जागीच वाढतो, आणि तेलाखाली नेमकी तीच स्थिती असते. त्याचे विष मज्जासंस्थेवर आघात करते, आणि ठेच्याचा वास किंवा चव बदललेली नसतानाही ते त्यात असू शकते. माती परीक्षणाच्या अहवालात आपण जो सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचे माप; आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) वाचतो, तो पदार्थात 4.6 पेक्षा कमी असेल तर या जीवाणूची वाढ होत नाही. लिंबू न पिळलेल्या ठेच्यात तो त्याहून अधिक असतो. तव्यावर भाजल्याने हे बीजाणू मरत नाहीत. ठेचा ताजा करावा, उरला तर फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावा. शेतावर नेण्यासाठी वर सांगितलेले लिंबाच्या रसातले मिरचीचे लोणचेच सोयीचे आहे.

प्रश्न : मिरच्या चिरल्यावर हातांची रात्रभर आग होते. उपाय सांगावा. (एक वाचक भगिनी, ता. मोहाडी, जि. भंडारा)

उत्तर : तिखटपणा देणारे कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र विरघळते. त्यामुळे नुसत्या पाण्याने हात धुऊन उपयोग होत नाही. आधी हातांना खाण्याचे तेल चोळून ते कापडाने पुसून काढावे, मग साबणाने दोनदा धुवावे. मिरच्या चिरण्यापूर्वीच बोटांना तेल लावले तर त्रास बराच कमी होतो. कॅप्सेसिन सर्वांत अधिक असते ते बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेल्या असतात त्या गाभ्यात, म्हणून तो बोटांनी न खरवडता चमच्याच्या टोकाने काढावा. त्या दिवशी लहान मुलांचे डोळे पुसण्याचे किंवा त्यांना भरवण्याचे काम घरातील दुसऱ्या कोणाकडे द्यावे.