जुन्या फोर्ड ट्रकचा चोक: टोपी फिरवण्याआधी पिस्टन आणि नळी बघा

तुमची गाडी १९७१ ची फोर्ड एफ-१०० पिकअप, ३०२ घनइंचाचं व्ही-८ इंजिन, वर मूळचा ऑटोलाइट २१०० दोन बॅरलचा कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग. मिशिगनच्या थंडीत सकाळी सेल्फ मारला की लगेच पेटते, पण काही सेकंदांत गुदमरून बंद पडते. कशीबशी चालू ठेवली तर तापल्यावरही काळा धूर सोडते. चोकची टोपी दोन्ही बाजूंना फिरवून पाहिलीत, उपयोग झाला नाही, आणि गॅरेजवाला आता नवा कार्ब्युरेटर घ्या म्हणतोय. कृपा करून इतक्यात घेऊ नका. या दोन तक्रारी वेगळ्या वाटल्या तरी बहुधा एकाच जागी जन्म घेतात.

चोक म्हणजे कार्ब्युरेटरच्या तोंडावरची झडप, गार इंजिनला हवा कमी आणि पेट्रोल जास्त मिळावं म्हणून ती मिटते. आपल्याकडच्या जुन्या जीपला चोक हाताने ओढायचा आणि इंजिन तापलं की आत ढकलायचा. तुमच्या गाडीत हे काम काळ्या टोपीतली बायमेटल (दोन धातूंची, उष्णतेने वळणारी) स्प्रिंग करते. गार असताना ती झडप मिटून धरते, गरम हवा लागली की हळूहळू सोडते. ही गरम हवा एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधून (इंजिनचा धूर गोळा करणाऱ्या ओतीव भागातून) जाणाऱ्या बारीक नळीतून येते. तिला ओढून आणतो इंजिनचा व्हॅक्यूम (हवा ओढण्याची शक्ती), टोपीमागे बसवलेल्या एका छोट्या पिस्टनच्या कडेने. इंजिन पेटताक्षणी झडप किंचित उघडायचं कामही याच पिस्टनचं. तो जाम झाला की झडप उघडत नाही, म्हणून गाडी गुदमरते. आणि गरम हवाही येत नाही, म्हणून इंजिन तापलं तरी चोक लागलेलाच राहतो. अशा वेळी टोपी कितीही फिरवा, मूळ दुखणं तसंच राहतं.

तपासणी रात्रभर गार पडलेल्या इंजिनवरच करा. एअर क्लीनर काढा, ॲक्सिलरेटर एकदा तळापर्यंत दाबून सोडा. झडप स्वतःहून मिटली पाहिजे. अर्ध्यात अडकली तर शाफ्टवर आणि बाहेरच्या लिंकेजवर कार्ब क्लीनर मारा, बोटाने मागेपुढे करत राहा, अगदी सैल हलेपर्यंत. तिथे तेल किंवा ग्रीस लावू नका, धूळ चिकटून पुन्हा जाम होतं. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही बाजूला उभं राहून बघा, तोंड कार्ब्युरेटरवर नेऊ नका, बॅकफायर झाला तर चेहरा भाजतो. गाडी पेटल्याबरोबर झडप साधारण ३ ते ५ मिमी उघडली पाहिजे. नेमकी फट सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेली असते, ड्रिलचा तेवढ्या जाडीचा बिट घालून मोजता येते. झडप जागची हललीच नाही तर टोपी उघडायची.

टोपीचे तीन स्क्रू सोडण्याआधी तिची खूण, टोपी ज्या भागावर बसते त्याच्यावरच्या कुठल्या रेघेसमोर आहे त्याचा फोटो काढून ठेवा. आत काय दिसतं ते महत्त्वाचं. कोरडी, स्वच्छ जागा असेल तर ठीक. पण काजळीचा काळा थर असेल तर मॅनिफोल्डच्या आतली नळी गंजून फुटली आहे आणि स्वच्छ हवेऐवजी एक्झॉस्टचा धूर आत ओढला जातोय, हे पक्कं समजा. या वयाच्या गाड्यांत हे सर्रास होतं. काजळी पिस्टनला चिकटते आणि तो जाम होतो. पिस्टन क्लीनरने धुऊन मोकळा होतो, पण नळी न बदलता टोपी लावलीत तर थोड्याच दिवसांत तेच होणार. नळीच्या दुरुस्तीचं किट मिळतं, ते आधी बसवा.

टोपी परत लावताना स्प्रिंगचा हूक आतल्या लिव्हरमध्ये अडकलाय ना, ते टोपी हलकेच फिरवून बघा. झडप सोबत हलली पाहिजे. हे बऱ्याच जणांचं राहून जातं आणि मग चोक मुळी चालतच नाही. सुरुवात मॅन्युअलमधल्या खुणेवर करा. गार असताना इंजिन ठसके देत कार्ब्युरेटरमधून फुसकत असेल तर एक रेघ रिचकडे (पेट्रोल जास्त), गुदमरत असेल तर एक रेघ लीनकडे (पेट्रोल कमी). एका वेळी एकच रेघ, आणि मग गाडी पुन्हा रात्रभर गार होऊ द्यायची. घाईने एका सकाळी तीनदा फिरवलं तर काहीच कळत नाही, कारण अर्धवट गरम स्प्रिंग खोटं सांगते.

फास्ट आयडल, म्हणजे चोक लागलेला असताना इंजिन ज्या जादा वेगाने फिरतं तो वेग, सगळ्यात शेवटी लावा, इंजिन पूर्ण तापल्यावर, त्याचा स्क्रू कॅमच्या (पायऱ्यांच्या चकतीच्या) ठरलेल्या पायरीवर ठेवून. आरपीएमचा आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर असतो, स्टिकर गेला असेल तर मॅन्युअलमध्ये. हे सगळं दार उघडं ठेवून करा. थंडी आहे म्हणून बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पेटत नाही म्हणून वरून पेट्रोलही ओतू नका. पेट्रोल जास्त झालं असेल तर पेडल तळाशी दाबून धरा आणि सेल्फ मारा, त्याने झडप यांत्रिकपणे उघडते.

इलेक्ट्रिक चोकचं किट बसवू का, असंही विचारलंत. मॅनिफोल्डच गळलेला असेल तर जरूर बसवा. त्याचा करंट इग्निशन कॉईलच्या प्लसवरून घेऊ नका. तिथे रेझिस्टन्स वायर असते, व्होल्टेज पुरत नाही आणि ठिणगीही कमजोर होते. चावी लावल्यावर पूर्ण १२ व्होल्ट देणारी जागा शोधा, शक्य तर ऑइल प्रेशर स्विचमार्फत रिले (करंट चालू-बंद करणारा स्विच) घ्या, म्हणजे इंजिन बंद असताना नुसती चावी ऑन राहिली तर चोक तापून उघडणार नाही. अर्थिंग (ग्राउंडची वायर) नीट द्या, आणि गरम हवेच्या नळीचं तोंड बुजवायला विसरू नका, नाहीतर तिथून धूळ आत जाईल.