शाळेत कायदा शिकवायचाय?

प्रश्न : मी इंदूरला वकिली करते. नववीच्या मुलांना विनामोबदला कायदा शिकवायचाय. सुरुवात कुठून करू?

उत्तर : जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज द्या, सोबत मुख्याध्यापकांचं संमतीपत्र जोडा. ४० मिनिटांच्या तासाला एकच विषय घ्या. कलमं म्हणून दाखवलीत की मागचे बाक जांभया देतात. त्यापेक्षा ‘राजवाड्यापाशी मोबाइल चोरीला गेला’ असं सांगून मुलांकडूनच फिर्याद लिहून घ्या. वेळ आणि नेमकी जागा हमखास सुटते; तिथंच खरा धडा. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, हे मोठ्यांनाही ठाऊक नसतं! व्हिजिटिंग कार्डं मात्र वाटू नका. बार कौन्सिलच्या नियम ३६ नुसार वकिलाला जाहिरातीची मनाई आहे. एखादं मूल लैंगिक अत्याचाराबद्दल बोललं, तर वर्गात खोदून विचारू नका. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे.