ऑडॅसिटी खरंच स्पायवेअर आहे का? मित्र म्हणतो, आजच्या आज काढून टाक

नाही. ऑडॅसिटी हे आवाज रेकॉर्ड आणि एडिट करायचं मोफत, खुल्या कोडचं सॉफ्टवेअर आहे, गुपचूप पाळत ठेवणारं स्पायवेअर नाही. मित्राला एकदा विचारा, त्याने कोड वाचलाय की नुसता मथळा?

2021 च्या मे महिन्यात म्यूझ ग्रुप या कंपनीकडे गेल्यावर ऑडॅसिटीत गूगल आणि यांडेक्स (रशियन सर्च कंपनी) यांची टेलीमेट्री, म्हणजे वापराची माहिती परत पाठवणारी सोय, घालायचा प्रस्ताव आला. लोक भडकले, बरोबरच भडकले, आणि तो प्रस्ताव बारगळला. जुलैत नवी प्रायव्हसी पॉलिसी आली, अगदी वकिली मोघम भाषेत. झालं, शिक्का बसला. तेव्हा लोकांच्या मशीनवर होती 3.0.2, आणि ती काहीच पाठवत नव्हती. पॉलिसी पुढच्या आवृत्तीसाठी होती. पण एवढं वाचतो कोण?

मला याचा राग येतो, कारण त्याच सुमारास असाच शिक्का माझ्यावर बसला होता. आमच्या एका एस-थ्री बकेटची (अमेझॉनच्या क्लाउडवरचा फाइलींचा साठा) पॉलिसी, म्हणजे आत कुणाला येऊ द्यायचं ते नियम, कुणीतरी बदलून ती जगाला खुली केली. क्लाउडट्रेलमध्ये, म्हणजे तिथे कुणी काय केलं त्याच्या लॉगमध्ये, युजर म्हणून नाव माझं. साहेबांनी प्रिंटआउट टेबलावर आपटला. वेळेवर पिवळं हायलायटर मारलेलं, 05:42. "पहाटे पावणेसहाला काय करत होतास?"

मी खरंच लवकर उठतो, त्यामुळे टीमलाही पटलं. चहाला बोलावणं बंद झालं.

चौथ्या दिवशी मला त्या वेळेच्या शेवटी चिकटलेला झेड दिसला. म्हणजे ती वेळ यूटीसी, जागतिक प्रमाणवेळ होती. आपल्याकडे तेव्हा सकाळचे 11:12. तेव्हा मी साहेबांनाच स्क्रीन शेअर करून डेमो देत होतो! मग आयपी (मशीनचा नेटवरचा पत्ता) पाहिला, तर तो बिल्ड सर्व्हरचा, म्हणजे कोडपासून सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या सामायिक मशीनचा. माझी अ‍ॅक्सेस की (माझ्या नावाने क्लाउडवर कामं करू देणारा, पासवर्डसारखा कोड) तिथल्या स्क्रिप्टमध्ये होती, "तात्पुरती टाक रे" असं साहेबांनीच सांगितलेलं, दीड वर्षापूर्वी. ती स्क्रिप्ट पाच जण चालवायचे. लॉगमध्ये किल्ली दिसते, हात दिसत नाही.

म्हणून सांगतो, सर्व्हरला आयएएम रोल (क्लाउडवर त्याची स्वतःची वेगळी ओळख आणि परवानगी) द्या, माणसाच्या नावाची की देऊ नका. आणि कुणावर बोट दाखवण्याआधी आयपी आणि युजर एजंट (कुठल्या प्रोग्रामने काम केलं ते) हे दोन रकाने तरी वाचा.

आता खरं सांगायचं तर की स्क्रिप्टमध्ये टाकली मीच, तेवढी चूक माझी. आणि ऑडॅसिटीही अगदीच सोवळं नाही, अपडेट तपासायला नेटवर जातं. नको असेल तर प्रेफरन्सेसमध्ये बंद करा.

साहेब, तुम्ही हे वाचत असाल तर, साडेपाच तास मिळवायचे असतात.