हरलेल्या देशाची जमीन आणि माणसे

प्रश्न : वडिलांच्या जुन्या ॲटलासमध्ये पोलंडच्या पट्ट्यापलीकडे क्योनिग्जबर्ग हे जर्मन शहर दिसते. आज ते जर्मनीत नाही. पहिल्या महायुद्धात गमावलेला मुलूख जर्मनीने वीस वर्षांत परत मागितला; दुसऱ्या महायुद्धात त्याहून अधिक गेला, तरी पुढे तशी मागणी का झाली नाही?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : आपण नेमक्या जागी बोट ठेवले आहे. १९१९ च्या व्हर्साय तहाने जर्मनीचा सुमारे १३ टक्के भूभाग गेला. अल्सास-लोरेन फ्रान्सला आणि पोझनान व पश्चिम प्रशियाचा बराचसा भाग पोलंडला मिळाला, तर डान्झिग स्वतंत्र नगर ठरले. मात्र युद्धबंदीच्या वेळी जर्मन फौजा परमुलखातच होत्या, त्यामुळे आपण हरलो हे तिथल्या सामान्य माणसाच्या मनाला पटलेच नव्हते. शिवाय सीमा सरकल्या तरी लाखो जर्मन नव्या राज्यांत जागच्या जागी राहिले, आणि त्यांच्याच नावाने हिटलरला पुढे प्रत्येक मागणी रेटता आली.

१९४५ मध्ये मात्र सारा देशच शत्रूच्या ताब्यात गेला. ओडर आणि नाइसे या नद्यांच्या पूर्वेकडील मुलूख पोलंड आणि सोव्हिएत संघाकडे गेला. १९३७ च्या जर्मनीचा हा जवळपास चौथा हिस्सा होता. या वेळी रेषेबरोबर माणसेही हलवली गेली. पूर्व युरोपातून सुमारे १.२ कोटी जर्मन पळाले किंवा हाकलले गेले. परत मागण्याजोगी वस्तीच मागे उरली नाही, हे माझ्या मते मोठे कारण आहे. पण म्हणून त्या हकालपट्टीला न्याय्य तोडगा म्हणता येणार नाही, कारण तीत असंख्य निरपराध माणसे मेली.

ब्रेस्लाउचे उदाहरण पाहावे. जर्मन गेल्यावर या शहराचे नाव व्रोत्स्वाफ झाले आणि तेथे आलेल्यांत सोव्हिएत संघाने घेतलेल्या ल्विव शहरातून निघावे लागलेले पोलिश लोकही होते. त्यांच्या शहरातला नाटककार फ्रेद्रो यांचा पुतळाही मागोमाग आला आणि १९५६ मध्ये व्रोत्स्वाफच्या मुख्य चौकात उभा राहिला. त्याआधी त्याच चौकात एका प्रशियन राजाचा पुतळा होता. फाळणीनंतर देवळाली कॅम्पात येऊन नव्याने संसार मांडलेली सिंधी कुटुंबे ज्यांनी पाहिली आहेत, त्या नाशिककरांना या स्थलांतराची वेदना वेगळी सांगायला नको.

तरीही जर्मनीचा होकार यायला वेळ लागला. पूर्व जर्मनीने ही सीमा १९५० मध्येच मान्य केली, पण पश्चिम जर्मनीत घरदार सोडून आलेल्यांच्या संघटनांचा विरोध तीव्र होता. १९७० च्या वॉर्सा करारात पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर (सरकारप्रमुख) विली ब्रांट यांनी सीमा बळाने न बदलण्याची हमी दिली आणि एकीकरणाच्या वेळी, १९९० मध्ये, तिला अंतिम मान्यता मिळाली.

क्योनिग्जबर्ग नव्या नकाशात कालिनिनग्राद या नावाने शोधावे. पोलंड आणि लिथुआनिया यांच्यामध्ये अडकलेला तो रशियाचा तुकडा आहे. तत्त्वज्ञ कांट यांची समाधी आजही तेथील कॅथेड्रलला लागूनच आहे.