समलिंगी पुरुषांना गुप्त बोलीची गरज का भासली?

समलिंगी पुरुषांनी स्वतःची गुप्त बोली का घडवली आणि लपण्यापलीकडे तिचा काही उपयोग होता का, असे आपण विचारले आहे. अशा बोली अनेक देशांत होत्या. मी ब्रिटनमधील 'पोलारी'पुरतेच लिहितो, कारण माझे वाचन तिच्याविषयीचे आहे.

इंग्लंडमध्ये १८८५ च्या कायद्याने दोन पुरुषांमधील लैंगिक वर्तन, ते खासगीत घडले तरी, गुन्हा ठरले. शिक्षा दोन वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीची होती आणि नाटककार ऑस्कर वाइल्ड यांनी १८९५ मध्ये ती पूर्ण दोन वर्षांची ओढवून घेतली. या धाकाने खंडणीखोरांचे फावले. शिवाय साध्या वेशातील पोलीस सलगीचे नाटक करून माणसे पकडत. त्यामुळे समोरच्या अनोळखी माणसाला 'तुम्ही आमच्यापैकी का?' असे सरळ विचारण्याची सोय नव्हती.

पोलारीचे खरे काम येथे सुरू होते, असे मला वाटते. मद्यगृहात बोलता बोलता कोणी 'बोना', म्हणजे चांगला, हा शब्द सहज टाकी. समोरचा जाणता असेल, तर तो त्याच बोलीतला दुसरा शब्द परत करी. नसेल, तर हा मनुष्य जरा विक्षिप्त बोलतो एवढेच त्याला वाटे आणि विषय तेथेच संपे. विचारणाऱ्याने काहीच कबूल केलेले नसे. ज्याला गुपित म्हणतात ते येथे दार बंद करण्यापेक्षा दारावर हळूच टकटक करण्यासाठी अधिक वापरले जाई.

बोली म्हणून पाहिले तर तिचा आवाका लहान होता. वाक्यरचना इंग्रजीचीच, त्यात नाविकांच्या मिश्र बोलीतून आणि फिरत्या खेळवाल्यांच्या भाषेतून आलेले इटालियन वळणाचे शब्द, रोमा लोकांच्या रोमानी आणि युरोपीय ज्यूंच्या यिडिश भाषेतले शब्द, चोरांची परिभाषा आणि उलटे केलेले इंग्रजी शब्द मिसळलेले. केसांना 'रायाह' म्हणत, कारण 'हेअर'ची (hair) इंग्रजी अक्षरे उलटी वाचली की तो शब्द (riah) होतो. 'वाडा' म्हणजे पाहा (मराठी वाचकाने येथे चौसोपी घर डोळ्यांसमोर आणू नये), 'ओमी' म्हणजे पुरुष, 'पलोनी' म्हणजे स्त्री, आणि दोन्ही जोडून झालेला 'ओमी-पलोनी' म्हणजे समलिंगी पुरुष. चेहरा, पाय, कपडे, प्रसाधन, कोण देखणा आणि कोण नाही, यांसाठी शब्दांची रेलचेल होती. एखाद्याच्या देखत त्याच्याच रूपाची चिकित्सा करता यावी, हा या बोलीचा थोडा दुष्ट, पण मनापासूनचा आनंद होता.

पुरुषांना स्त्रीलिंगी सर्वनामे आणि नावे देण्याची रीत मात्र दुहेरी होती. तिच्यामुळे भर गर्दीत प्रियकराविषयी बोलताना ऐकणाऱ्याला एखाद्या बाईविषयी बोलणे चालले आहे असे वाटे. आणि तीच रीत पोलिसांना लावली, की ते 'लिली लॉ', 'बेटी ब्रेसलेट्स' किंवा 'हिल्डा हँडकफ्स' होत. ज्याच्या हातात आपले आयुष्य उद्ध्वस्त करण्याची ताकद आहे त्याला बायकी टोपणनाव दिल्याने कायदा बदलत नव्हता, पण चार जण मिळून त्याला हसू शकत होते आणि त्या हसण्यातून ते चार जण एकमेकांचे होत होते.

पुढे १९६५ ते १९६८ या काळात बीबीसी रेडिओवरील 'राउंड द हॉर्न' या विनोदी कार्यक्रमात केनेथ विल्यम्स आणि ह्यू पॅडिक यांनी रंगवलेली ज्युलियन आणि सँडी ही पात्रे सर्रास पोलारी बोलू लागली आणि घरोघरी तिचे शब्द पोहोचले. १९६७ च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये एकवीस वर्षांवरील दोन पुरुषांमधील खासगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. सत्तरच्या दशकातील समलिंगी मुक्ती चळवळीतील अनेकांना तर ही बोली लाजिरवाण्या जुन्या काळाची आणि स्त्रियांची टिंगल करणारी वाटली. ती मागे पडली, यात नवल नाही.

एक गोष्ट मात्र विलक्षण आहे. प्रवासी जहाजांवरील सेवकवर्गात पोलारी सर्वांत मोकळेपणाने बोलली जाई, आणि १९६७ च्या कायद्याने दिलेली सूट व्यापारी जहाजांवरील खलाशांच्या आपसातील संबंधांना लागू केलेली नव्हती.