मेण आधी, प्लास्टिक मागून : सिरॅमिक मोल्डिंगची प्रश्नोत्तरे

प्रश्न : पॅराफिन मेण स्वस्त आहे, ६० अंशांच्या आसपास वितळून पातळ होते. मग अ‍ॅल्युमिनाच्या सिरॅमिक नगांना नुसते मेण का चालत नाही? १० किलो फीडस्टॉकला, म्हणजे पावडर आणि तिला धरणारा मेण-प्लास्टिकचा बाइंडर यांच्या साच्यात भरायच्या मिश्रणाला, काय किती घ्यावे?

उत्तर : साचा भरण्यापुरते पाहिले तर मेण पुरते, कमी दाबाच्या यंत्रांवर बहुतेक मेणावरच काम चालते. अडचण पुढे येते. मेण वितळून निघू लागले की पावडरीला धरायला काही उरत नाही आणि नग बसतो. म्हणून सोबत उशिरा जाणारे पॉलिमर घालायचे. मेण आधी बाहेर पडून वाटा मोकळ्या करते, तोवर पॉलिमर आकार धरून ठेवते आणि मग त्याच वाटांनी निघून जाते. बाइंडर कसा वाहतो हे सगळेच बघतात. तो बाहेर कोणत्या क्रमाने पडणार, हे त्याआधी ठरवा.

सुरुवातीला अ‍ॅल्युमिना आकारमानाने ५५ टक्के धरा. त्याची घनता (ग्रॅम प्रति घनसेंमी) ३.९८, बाइंडरची साधारण ०.९२. म्हणजे १० किलोत पावडर ८.४१ किलो आणि बाइंडर १.५९ किलो. या बाइंडरमध्ये पॅराफिन ९५४ ग्रॅम, एचडीपीई (हेच ते उशिरा जाणारे पॉलिमर, एक प्लास्टिक) ५५६ ग्रॅम, स्टिअरिक आम्ल ८० ग्रॅम. हेच वजनी प्रमाण झिर्कोनिया या जड सिरॅमिक पावडरीला उचलू नका. त्याची घनता ६.०५ आहे, त्यामुळे त्याच ५५ टक्क्यांना बाइंडर वजनाने १६ नव्हे, ११ टक्केच बसतो.

प्रश्न : मिश्रणात गुठळ्या राहतात. स्टिअरिक आम्ल वाढवू का?

उत्तर : वाढवू नका. त्याच्या रेणूचे एक टोक पावडरीच्या कणाला चिकटते, दुसरे मेणात मिसळते. कणांचे पृष्ठभाग एकदा झाकले गेले की जादा आम्ल मेणात मोकळेच राहते आणि कच्चा (न भाजलेला) नग नरम करते. आधी पावडर ११० ते १२० अंशांवर चार-पाच तास वाळवा. पुष्कळ गुठळ्या ओलाव्याच्याच असतात. मग नीडर (मिश्रण मळण्याचे यंत्र) १५० अंशांवर ठेवून पहिल्यांदा एचडीपीई वितळवा, त्यात मेण आणि स्टिअरिक घाला आणि पावडर चार-पाच हप्त्यांत सोडा. मोटरच्या अँपिअरचा काटा स्थिरावल्याशिवाय पुढचा हप्ता नको. तापमान १८० च्या वर नेले तर मेण वाफ होऊन उडते आणि घाणा घट्ट होत जातो.

प्रश्न : ८ मिमी जाडीचे नग कच्चे असताना छान दिसतात, भट्टीतून फुगे आणि चिरा घेऊन बाहेर येतात. ३ मिमीचे नग मात्र उत्तम निघतात.

उत्तर : फुगा साच्यातला की भट्टीतला, हे आधी ठरवा. कच्चा नग मधोमध कापा, शिवाय दुसरा एक पाण्यात तोलून घनता काढा. वरच्या मिश्रणाला २.६० यायला हवी. ती कमी भरली, तर आत पोकळी आहे. गाभा वितळलेला असतानाच गेट (मिश्रण साच्यात शिरायचे तोंड) गोठते आणि दाब आत पोहोचत नाही. गेट मोठे करा, साचा ४० ते ५० अंशांवर ठेवा, होल्डिंगचा (दाब धरून ठेवण्याचा) वेळ वाढवा.

कच्चा नग भरीव निघाला तर दोष मेण काढण्याच्या पद्धतीत आहे. थेट भट्टीत घातल्यास आतले मेण वाफ होते, बाहेर जायला वाट नसते आणि मऊ झालेला नग फुगतो. ८ मिमीला आधी हेप्टेन या मेण विरघळवणाऱ्या द्रावकाचे स्नान हवेच. ते ४५ अंशांच्या आसपास ठेवा. मेणाच्या वितळबिंदूजवळ गेलात तर नग वाकतो. वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो : ३ मिमीला ६ तास पुरत असतील तर ८ मिमीला ४० तासांच्या पुढेच जाल. बहुतेकांची फसगत इथे होते. ते वेळ दुप्पट-तिप्पट करून थांबतात आणि गाभ्यात मेण तसेच राहते.

घड्याळापेक्षा तराजूवर विश्वास ठेवा. १०० ग्रॅमचा नग स्नानानंतर पूर्ण वाळवून ९० ग्रॅमच्या जवळ यायला हवा. ९४ वर अडकला असेल तर तोडून पाहा : मधला मेणकट पट्टा कडेपेक्षा गडद दिसतो. असा नग भट्टीत घालूच नका. हेप्टेनची वाफ अगदी थंड असतानाही पेट घेते, म्हणून उघडी कॉइल नको. गरम पाण्याच्या जॅकेटने तापवा आणि खोलीत वाफ ओढून घेण्याची सोय करा. नग पूर्ण वाळल्याशिवाय भट्टी लावू नका.

भट्टीत १५० अंशांपर्यंत मिनिटाला १ अंश, तिथून ४५० पर्यंत ०.२ अंश. एवढ्याच टप्प्याला २५ तास लागतात आणि ते द्यावेतच. शेवटी नग ८४ ग्रॅमवर आला की बाइंडर संपला.

प्रश्न : हेप्टेन नको वाटते. मेणाऐवजी पाण्यात विरघळणारे पीईजी घातले तर?

उत्तर : चांगला विचार आहे, पण याच पाककृतीत अदलाबदल होणार नाही. पीईजी आणि एचडीपीई एकमेकांत नीट मिसळत नाहीत. पीईजीबरोबर पीएमएमए किंवा पीव्हीबी हे प्लास्टिक घ्या. जाड नग पाण्यात फुगून चिरतो, म्हणून तापमान हळूहळू चढवा आणि पाणी बदलत राहा. पीईजी हवेतला ओलावाही ओढते, तेव्हा फीडस्टॉक हवाबंद पिशवीतच ठेवा.