शेततळं गळतंय? तळ्याच्या अस्तराचा नवा प्लास्टिक कागद घेण्याआधी हे करून बघा

दादा, पाणी उतरलं की लगेच दुकान गाठू नका. कडक उन्हाळ्यात नुसत्या उन्हा-वाऱ्यानेच दिवसाला 8-10 मिलिमीटर पाणी उडतं. मोटार बंद ठेवा, पाण्याने भरलेली बादली तळ्यात दोरीने अर्धवट बुडवून बांधा आणि दोन्हीकडे पातळीची खूण करा. दोन दिवसांनी तळं बादलीपेक्षा जास्त उतरलं असेल, तर गळती नक्की.

मग घाई न करता पाणी उतरू द्या. ते जिथे थांबेल, त्याच रेषेच्या आसपास भोक सापडतं. कागदावरून तळहात फिरवत चला. खालचा खडा टोचून पडलेलं भोक डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागतं. पाइप जिथे कागदातून आत येतो ती जागा आणि जोड आधी तपासा. बांधावर उंदीर-घुशीची बिळं आहेत का, तेही बघा.

गमाच्या नादी लागू नका, पॉलिथिनवर तो टिकत नाही. खालचा खडा काढा, जागा पुसून कोरडी करा आणि त्याच जातीच्या कागदाचा ठिगळ गरम हवेच्या मशीनने चिकटवून घ्या. तळं पूर्ण रिकामं ठेवू नका, वाऱ्याने कागद उचलतो.

आणि कळकळीने सांगतो, एकट्याने उतरू नका. ओला कागद शेवाळाने इतका निसरडा होतो की पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. गाठी मारलेला दोर कायम सोडलेला असू द्या.